चांदीचं पाणी आणि अळ्यांचा डबा

माझ्या लिहिण्यात चुका असतील, त्या पोटात घाला. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही आणि अक्षर ओळ सोडून खाली उतरतं. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतरचं माझं लिहिणं म्हणजे अळ्या कोणत्या दिवशी कात टाकायला बसल्या ते भिंतीवर खडूने लिहायचं, एवढंच. पण नांदेड-लातूरहून आल्यापासून जी ती विचारते, "काय बघितलंस गं?" आणि चार बायांसमोर माझं तोंड उघडत नाही. "बघितलं बरंच," म्हणून मी उठते. म्हणून विसरायच्या आत इथे लिहून ठेवते.

जाण्याआधी

आमचं गाव जळकोटपासून जवळ. गावात बऱ्याच घरी तुती आहे आणि तुतीमागे रेशमाच्या अळ्या. अंड्यांना आम्ही बीज म्हणतो. अंड्यातून निघालेली अळी मुंगीपेक्षा बारीक असते. तिला कोवळा पाला चिरून घालावा लागतो, ऊब आणि ओल सांभाळावी लागते. ते काम मी करते. दोनदा कात टाकून झाली की गावातल्या बाया त्या अळ्या विकत नेतात आणि आपापल्या शेडात फांद्यांवर वाढवतात. या लहान अळ्यांना चॉकी म्हणतात. बालवाडी माझ्याकडे, पुढची शाळा त्यांच्याकडे.

दिवाळीनंतरच्या पिकात सत्यभामाकाकूंच्या अळ्या कोष करायच्या तोंडावर मेल्या. थोड्या नव्हे, सगळ्या. आम्ही त्यांना भामाकाकू म्हणतो. काकू वरच्या आळीच्या, घरची काळी जमीन, आवाज मोठा. त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कांते, तुझं बीजच किडकं व्हतं. रोग तुझ्या खोलीतून आलाय."

मी त्याच दिवशी त्यांचे चॉकीचे सगळे पैसे गुपचूप देऊन टाकले. माझी चूक होती म्हणून नव्हे. मला भांडता येत नाही म्हणून. पण पैसे दिले म्हणजे चूक कबूल केली, असंच गावाने धरलं. पुढच्या पिकाला चॉकी दुसरीकडून आणायची, असं बाया बोलायला लागल्या. तसं झालं असतं तर माझी खोली बंदच झाली असती.

रेशीम खात्याचे साहेब येऊन गेले. त्यांनी अळ्या बघितल्या आणि रोग दिसत नाही म्हणाले. काकू म्हणाल्या, "तो तुझ्या घरी चहा पितो. तो तुझंच बोलणार की."

काकूंनी या वेळी एक नवीन गोष्ट केली होती, ती मला माहीत होती. लातूरच्या एका दुकानातून त्यांनी बाटल्या आणल्या होत्या. नॅनो सिल्व्हर. बाया त्याला चांदीचं पाणी म्हणायच्या. शेड धुवायचं औषध होतं ते, जंतू मारणारं. तोडून आणलेल्या तुतीच्या फांद्या सुकू नयेत म्हणून आम्ही त्यांच्यावर ओलं गोणपाट टाकतो. काकूंनी ते गोणपाट रोज साध्या पाण्याऐवजी चांदीच्या पाण्यात भिजवलं. त्यांना त्यात वावगं वाटलं नाही. आमच्याकडे बाळाच्या पायात चांदीचे वाळे घालतात, पहिला घास चांदीच्या वाटीत कालवतात, मिठाईवर चांदीचा वर्ख असतो. चांदी थंड, चांदी शुद्ध. काकू तर बायांना सांगत होत्या, "माझ्या अळ्या चांदी खाऊन राहिल्यात, कोष बघा कसे निघतेत."

माझी मावसबहीण पंचशीला नांदेडला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. फोनवर तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, आमच्याकडं एक पोरगी जेवते, ती कॉलेजात चांदीच्या बारीक कणांवरच शिकून राहिली. घेऊन ये तुझ्या अळ्या."

मी काकूंकडे गेले. अंगणात उभी राहून म्हणाले, "काकू, नांदेडला येता का? तिथं तुमच्या-माझ्या ओळखीचं कुणी नाही. जे निघेल ते निघेल."

काकू बराच वेळ तूर निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "येते. न्हाईतर तू येऊन कायबी सांगशील."

जळकोट ते नांदेड

काकूंकडे धपाट्यांची शिदोरी आणि प्लास्टिकच्या पिशवीत ते गोणपाट. माझ्याकडे एका डबीत वाळलेल्या मेलेल्या अळ्या, चांदीच्या पाण्याची अर्धी बाटली आणि भोकं पाडलेल्या मोठ्या डब्यात माझ्या खोलीतल्या जिवंत अळ्या, दुसऱ्या कातेतून नुकत्या उठलेल्या. उठल्या की त्यांना फार भूक लागते. डबा कानाजवळ धरला की पाला खाल्ल्याचा आवाज येतो.

कंडक्टर आला तेव्हा काकू म्हणाल्या, "मला तिकीट न्हाई. माझं वय झालंय."

"आधार कार्ड दाखवा आजी."

"दाढा मोज. किती राहिल्यात बघ."

"बायांना अर्धं तिकीट आहेच की! तेवढं तरी द्या." गाडीतली माणसं हसली. काकूंनी अर्ध्या तिकिटाचे पैसे दिले, पण हरल्यासारखं तोंड केलं नाही.

अहमदपूरच्या पुढे आमच्या शेजारच्या बाकावर एक गृहस्थ बसले आणि तंबाखू मळायला लागले. रेशमाच्या अळीला तंबाखूचा वास सोसत नाही. वासानेही ती मरते. माझ्या शेडात कुणी तंबाखू खाऊन आला तर मी आत येऊ देत नाही, पण तेही बोलून नव्हे, दार लावून. इथे दार नव्हतं. मी डबा पदराखाली घेतला आणि खिडकीकडे वळले.

काकूंनी बघितलं. म्हणाल्या, "ओ दादा, ती तंबाखू ठिवा खिशात. इथं लेकरं हायत."

"कुठं हायत लेकरं?"

"डब्यात."

गृहस्थांनी डब्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. ज्या अळ्या किडक्या म्हणून काकू भांडत होत्या, त्याच त्यांनी जपल्या. लोहा येईपर्यंत डब्यावर आम्हा दोघींचे हात होते.

बाहेर तूर पिवळ्या फुलांवर होती. सोयाबीन काढून रानं मोकळी झाली होती.

नांदेड

पंचशीलाचं घर दोन खोल्यांचं, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो. तिने ज्वारीची भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी केली होती. काकू म्हणाल्या, "मला आज उपास हाय." त्या दिवशी कसलाच उपास नव्हता. आमच्या गावात वरच्या आळीच्या बाया माझ्या चॉकीच्या खोलीत येतात, अळ्या नेतात, पैसे देतात. पण पाणी घेत नाहीत. हे कुणी कुणाला सांगत नाही. पंचशीलालाही सांगावं लागलं नाही. तिने ताट झाकून ठेवलं. काकूंनी आपले धपाटे पिशवीतच राहू दिले, कारण उपास म्हणून बसल्या होत्या. मला त्यांची थोडी कीव आली आणि थोडं हसूही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात गेलो. ज्या मुलीकडे आलो होतो तिचं नाव रुबीना. वय पंचविशीच्या आतबाहेर, अंगावर पांढरा कोट, डोक्यावर ओढणी. मी मॅडम म्हणाले. ती म्हणाली, "मावशी, मॅडम नका म्हणू, माझी अजून परीक्षा व्हायचीय." तरी मी मॅडमच म्हणत राहिले. आजवर पांढऱ्या कोटाला दुसरं काही म्हटलेलं नाही.

तिच्या खोलीत एका कपाटावर काचेच्या नळ्यांच्या तोंडावर कांदे बसवून ठेवले होते. कांद्याचं बूड पाण्यात. एका रांगेतल्या कांद्यांना लांब पांढरी मुळं फुटली होती, लग्नातल्या अंतरपाटाच्या झालरीसारखी. दुसऱ्या रांगेतल्यांना जेमतेम बोटाच्या पेराएवढी, तीही टोकाला तपकिरी.

"हे काय, लोणचं घालायलीस व्हय?" काकूंनी विचारलं.

रुबीना हसली. "आजी, पहिल्या रांगेत नळाचं पाणी आहे. दुसरीत चांदीच्या कणांचं. कांद्याचं मूळ लवकर वाढतं, म्हणून काय बिघडलं ते कांदा लवकर सांगतो."

"चांदीनं कसं बिघडंल? चांदी काय इख हाय?"

"तुमच्या पाटल्या आहेत त्या चांदीने नाही बिघडणार. आजी, खडीसाखर तोंडात धरली तर किती वेळ पुरते?"

"पुरती की घटकाभर."

"आणि तीच कुटून पीठ केली तर?"

"ठेवली की विरघळली."

"बस, तेच आहे. साखर तीच, वजन तेच. पण बारीक केली की सगळीकडून एकदम लागते. ह्या बाटलीतली चांदी पिठापेक्षा कितीतरी पटीने बारीक आहे. साध्या सूक्ष्मदर्शकात सुद्धा एकेक कण दिसत नाही. म्हणून तर ती जंतूंना मारते. दवाखान्यात भाजलेल्या माणसाच्या पट्टीत घालतात, तिथं ती चांगलीच. पण तिला काय माहीत, कोणता जंतू मारायचा आणि कोणता ठेवायचा? अळीच्या पोटात पाला पचवायला मदत करणारे जंतू असतात. त्यांनाही ती तशीच भेटणार."

काकू म्हणाल्या, "बाटलीतलं थोडंच घालायचे मी. बुचभर."

"रोज?"

"रोज. गोणपाट वाळलं की परत भिजवायचे."

रुबीनाने पिशवीतलं गोणपाट बाहेर काढलं, उजेडाकडे धरलं. त्यावर करडा डाग पडला होता. ती म्हणाली, "पाणी उडून जातं आजी, चांदी उडत नाही. तुमच्याकडे पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर बसतो ना? तसं. रोजचं बुचभर रोज साठत गेलं, आणि त्याच्याखाली पाला."

काकूंनी गोणपाट तिच्या हातातून घेतलं आणि परत पिशवीत घातलं, जणू कुणी ते चोरणार होतं.

मग रुबीनाने काम सुरू केलं. मेलेल्या अळ्या पाण्यात चेचून काचेच्या पट्टीवर घेतल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. बीजातून येणारा जो रोग असतो त्याचे चमकदार, तांदळासारखे बीजाणू दिसतात, असं म्हणाली. आईकडून अंड्यात, अंड्यातून अळीत. तो रोग निघाला असता तर दोष माझ्या खोलीचा. ती पट्टीमागून पट्टी बघत होती आणि मी तिच्या मानेकडे बघत होते. काकू स्टुलावर बसून तिच्यापेक्षा जास्त टक लावून बघत होत्या.

"एवढ्या सगळ्या पट्ट्यांत मला एकही दिसत नाही," ती शेवटी म्हणाली.

"नीट बघ," काकू म्हणाल्या. "नीट बघ माय. घाई करू नको."

रुबीनाने परत बघितलं. काकूंनाही बघायला लावलं. शेवटी डोळा चोळत त्या म्हणाल्या, "मला तर माझीच पापणी दिसायली."

जिवंत अळ्यांच्या तिने दोन परड्या केल्या. कॉलेजच्या आवारात तुतीचं एक झाड होतं, तिथला पाला आणला. एका परडीचा पाला ओल्या साध्या फडक्याखाली ठेवला, दुसरीचा काकूंच्या गोणपाटाखाली, काकूंनीच नेहमीच्या हाताने बुचभर घालून भिजवलेल्या. तीन दिवस थांबा म्हणाली.

काकू म्हणाल्या, "ह्या अळ्या त्या न्हवंत. त्या मेल्या. ह्या तिच्या दुसऱ्या बीजाच्या."

"बरोबर बोललात आजी," रुबीना म्हणाली. "म्हणून तर मेलेल्या वेगळ्या बघितल्या."

काकूंना आपण बरोबर बोललो याचा आनंद झाला.

नांदेड, मधले दिवस

पंचशीला सकाळी वसतिगृहात जायची, आम्ही दोघी रिकाम्या. आधी गुरुद्वाऱ्यात गेलो. संगमरवरी फरशी पायाला गार लागत होती. लंगरात सगळे एका पंगतीत, सतरंजीवर. माझ्या एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला एक भीक मागणारी बाई. दाढीवाले बाबा बादलीतून डाळ वाढत होते, रोटी दोन्ही हातांवर घ्यावी लागे. काकूंनी डाळ तीनदा मागून घेतली. तिथे त्यांना उपास नव्हता. बाहेर येऊन हात धुताना म्हणाल्या, "डाळ लई चांगली व्हती." मी "हो" म्हणाले. त्या संध्याकाळी पंचशीलाने ताट वाढलं तेव्हा काकू बसल्या आणि जेवल्या. येसर कशाचं केलं, धने किती, एवढं विचारलं. पंचशीलाने माझ्याकडे बघितलं. मी आमटीत भाकरी कुस्करत राहिले.

त्याआधी दुपारी गोदावरीच्या घाटावर बसलो होतो. आमच्याकडे एवढं पाणी नजरेला पडत नाही. पण कडेने फेस होता आणि शहराचा एक नाला येऊन मिळत होता.

दुसऱ्या दिवशी रुबीनाने आम्हाला बोलावून आणखी एक गोष्ट दाखवली, ती सगळ्यांत जास्त लक्षात राहिली. काचेच्या भांड्यात पाणी, पाण्यात टिचभर उड्या मारणारे ठिपके. पाणपिसवा म्हणाली. तळ्यात असतात, मासे त्यांच्यावर जगतात. त्यातली एक तिने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मला बघायला सांगितलं.

ती पिसू काचेसारखी आरपार होती. पाठीशी तिचं काळीज धडधडताना दिसत होतं, इतक्या वेगाने की मी डोळा काढून घेतला. कुणाचं उघडं काळीज असं बघणं मला बरं वाटलं नाही. मग परत बघितलं. पोटातून हिरवट नळी गेलेली, ती खाल्लेलं शेवाळ.

"आता ही बघा," म्हणून तिने दुसरी ठेवली. ही चांदीच्या पाण्यातली. हिच्या पोटातली नळी काळी होती. काजळाची रेघ ओढावी तशी. काळीज चाललं होतं, पण सावकाश, आणि ती एका जागी पडून पाय हलवत होती.

"पाण्यात जे असेल ते ती गाळून खाते," रुबीना म्हणाली. "हे अन्न आहे की चांदी, ते तिला कळत नाही. खाते. मग तिला मासा खातो."

"मग माशाला व्हतं काय?" काकूंनी विचारलं.

"कधी होतं, कधी नाही. किती गेलं, पाणी कसं आहे, कण किती बारीक आहे, यावर आहे. पाण्यात मीठ, गाळ असेल तर कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात, त्यांचा जोर कमी होतो. मग तळाच्या मातीत राहतात. आम्हालाच अजून सगळं माहीत नाही आजी. आणि ही चांदी एकट्या तुमच्या बाटलीत नाही. वास न येणारे मोजे, फ्रिज, रंग, कशाकशात घालतात. धुतलं की नालीत."

मला घाटावरचा नाला आठवला. काकूंना दुसरंच आठवलं असावं, कारण त्यांनी विचारलं, "म्या गोणपाट पिळायचे ते पाणी लिंबाखाली टाकलं. तिथं म्हशी बांधतो आम्ही. म्हशीला काय?"

"एवढ्याने म्हशीला काही होईल असं मला वाटत नाही. पण मातीतल्या जंतूंचं सांगता येत नाही. तिथली मूठभर माती पाठवा मला."

काकूंनी मान हलवली. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या बीजाबद्दल बोलणं सोडलं. पण चांदीबद्दलही बोलल्या नाहीत.

नांदेड, शेवटचा दिवस

साध्या पाल्याच्या परडीतल्या अळ्या जाड झाल्या होत्या, पाला संपवून माना वर करून बसल्या होत्या. आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या खाण्याचा बारीक सरीसारखा आवाज येत होता. गोणपाटाच्या पाल्याच्या परडीत आवाज नव्हता. पाला अर्धा तसाच. अळ्या आखडलेल्या, काही तोंडातून पाणी सोडून पडलेल्या, काही मेलेल्या.

काकूंना कुणी सांगावं लागलं नाही. त्या अळ्या वाढवत आल्या आहेत, आजारी अळी त्यांना दुरून ओळखू येते. त्यांनी एक मेलेली अळी तळहातावर घेतली.

"असंच झालं व्हतं," त्या म्हणाल्या. "अगदी असंच."

रुबीना म्हणाली, "आजी, शिक्का मारलेला कागद मी देऊ शकत नाही. एवढ्या लहान प्रयोगावरून छातीठोक लिहिता येत नाही, मोजणी मोठ्या यंत्रावर करावी लागते. पण रोग दिसला नाही हे खरं, आणि ह्या परडीत काय झालं ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे."

"म्हंजे म्याच मारल्या म्हणायच्या."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, पाल्याला चालतं म्हणून?"

"दुकानदारानं. म्हणला, शेडला चालतं, पाल्यालाबी चालतं, अळीचं पोट साफ राहतं."

काकूंनी अळी परत परडीत ठेवली, हात धुतले, नुसत्या पाण्याने बराच वेळ धुतले. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चल. लातूरची गाडी कुठून मिळती?"

मला घरी जायचं होतं. लातूर उलट्या वाटेला. पण मी डबा उचलला. उरलेल्या चांगल्या अळ्या रुबीनाने माझ्या हवाली केल्या होत्या.

लातूर

चाकूर मागे पडेपर्यंत काकू खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "तू पैशे काहून दिलेस गं तेव्हा? खोटं असताना?"

"भांडता येत नाही मला."

"येडी हायस," त्या म्हणाल्या. जरा वेळाने आणखी एकदा म्हणाल्या, "लई येडी."

लातूरचं ते दुकान बाजारात आहे. बियाणं, फवारे, कोंबड्यांची औषधं. काकूंनी पिशवीतून न उघडलेल्या बाटल्या काढून काउंटरवर मांडल्या. निघतानाच त्यांनी त्या बरोबर घेतल्या होत्या. म्हणजे त्यांच्याही मनात आधीपासून काहीतरी होतं. मी ते तेव्हा ओळखलं.

"ह्या परत घ्या. पैशे द्या."

दुकानदार म्हणाला, "आजी, विकलेला माल परत होत नाही."

"तुम्ही म्हणलात पाल्याला चालतं. माझ्या अळ्या मेल्या समद्या."

"कशानेही मरतात अळ्या. हवेनेही मरतात. कागद आहे का काही?"

कागद नव्हता. काकूंनी स्टूल ओढलं आणि काउंटरसमोर बसल्या. "बरं. बसते मी. तुमचा धंदा चालू द्या."

एक शेतकरी फवाऱ्याचं नोझल घ्यायला आला. काकू म्हणाल्या, "दादा, कोंबड्या पाळता का? ही बाटली घेऊ नका. माझ्या अळ्या मारल्या हिनं." तो बाटली हातात घेऊन बघायला लागला. मग एक बाई आल्या, त्यांनाही काकूंनी तेच सांगितलं, त्यात म्हशीही घातल्या. तिसऱ्या गिऱ्हाइकाच्या वेळी त्यांच्या गोष्टीत गोदावरी नदीही आली.

"आजी, धंदा करू द्या," दुकानदार म्हणाला.

"करा की. मी कुठं गल्ल्यात हात घालून राहिले?"

शेवटी त्याने चष्मा लावला आणि बाटलीवरचं बारीक इंग्रजी वाचलं. त्याने ते आधी वाचलं नसावं, कारण वाचताना त्याचा चेहरा उतरत गेला. "फरशी आणि पिंजऱ्यांसाठी," तो हळू म्हणाला. "खाद्यापासून दूर ठेवा, असं आहे." मग म्हणाला, कंपनीच्या माणसाने तोंडी सांगितलं तेच मी सांगितलं. मला वाटतं तो खरं बोलत होता. न उघडलेल्या बाटल्यांचे पैसे तो देईल, वापरलेल्यांचे नाही, असं ठरलं. काकू तयार झाल्या.

तो बाटल्या खाली ठेवायला लागला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "ह्याचं काय करणार तुम्ही?"

"कंपनीला परत पाठवणार."

"नालीत ओतू नका."

दुकानदाराने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "ह्या मावशी बोलतात की!"

"कवातरीच बोलती," काकू म्हणाल्या. "ऐकून ठिवा."

बाहेर येऊन मी रसवंतीत दोन ग्लास रस सांगितला आणि माझा तिथेच उभ्याने पिऊन टाकला. स्टँडवर काकूंनी दुकानदाराचे पैसे तसेच माझ्या पिशवीत कोंबले. "हे घे. तुझ्यातले एवढे फिटले. राहिलेले कोष विकून देते." मी नको म्हणत होते तोवर गाडी लागली.

परत आल्यावर

बचत गटाच्या बैठकीत काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कांताचं बीज चांगलं हाय. माझ्या गोणपाटानं घात केला. चांदीचं पाणी पाल्याला लावू नका." कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे अळ्या चांदी खाऊन सरगाला गेल्या म्हणा!" सगळ्या हसल्या. काकूही हसल्या, पण उशिरा.

एका बाईने विचारलं, मग त्या गोणपाटाचं काय करायचं? ते आम्हाला अजून कळलेलं नाही. ओढ्यात धुवायचं नाही, जाळायचं नाही, असं रुबीनाने सांगितलंय. ते पिशवीत बांधून काकूंच्या शेडच्या खुंटीला टांगलेलं आहे. लिंबाखालची माती मी गाडीने पाठवली. उत्तर यायचं आहे.

पुढच्या पिकाला काकूंनी चॉकी माझ्याकडूनच नेली. बाकीच्या बायांनी आधी काकूंच्या शेडात डोकावून बघितलं, अळ्या खातात का ते, आणि मगच माझ्याकडे आल्या.

कोष विकून आल्या त्या दिवशी काकू माझ्या खोलीच्या दारात आल्या. चप्पल बाहेर काढली, हातपाय धुतले, आत आल्या आणि राहिलेले पैसे माझ्या हातावर ठेवले. दारात दोन-तीन बाया पाला घेऊन थांबल्या होत्या.

"मोज," काकू म्हणाल्या.

"असू द्या काकू."

"असू द्या कशाला? तवा तू गुपचूप दिलेस, म्या गुपचूप घेतले, म्हणून गावानं तुला चोर ठरवलं. मोज. समद्यांना ऐकू जाऊ दे."

मी मोठ्याने मोजले. पूर्ण होते.